पुंगळी काढली की गाडी पळते?

गेल्या महिन्यात कोल्हापुरात एका गॅरेजबाहेर उभा होतो. कॉलेजातला एक मुलगा वडिलांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, यामाहा आरएक्स १००, घेऊन आला आणि मिस्त्रींना म्हणाला, "मामा, तेवढी पुंगळी काढून द्या, पिकअप वाढतोय." पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या शेपटीकडची अरुंद नळी. मिस्त्रींनी पाना हातात घेतलाच होता. मी मध्ये पडलो, पण पाच मिनिटांत काही समजावता आलं नाही. ते इथे सांगतो, कारण टू-स्ट्रोक इंजिनातली सर्वात सुंदर गोष्ट त्या सायलेन्सरच्या पोटातच आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनात वायू आत-बाहेर सोडायला व्हॉल्व्ह असतात. साध्या टू-स्ट्रोकच्या सिलिंडरमध्ये ते नसतात. भिंतीतच भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि पिस्टन वर-खाली होताना ती उघडतो, झाकतो. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतो आणि जळका धूर सुटतो. मग ट्रान्सफर पोर्ट उघडतात आणि खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत, दाबलेलं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण वर येतं. पिस्टन वर जाताना हाच क्रम उलटा होतो: ट्रान्सफर आधी बंद, एक्झॉस्ट शेवटी. म्हणजे मधला थोडा वेळ आत येण्याचं दार बंद असतं आणि बाहेर जाण्याचं सताड उघडं. ताजं मिश्रण न जळताच बाहेर पळतं. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांनी १८९१ साली क्रँककेसचा पंपासारखा वापर करणारं इंजिन काढलं, तेव्हापासून हे दुखणं टू-स्ट्रोकच्या पाठीशी आहे.

त्यावरचं औषध पूर्व जर्मनीतल्या चोपाउ गावी नीट तयार झालं. एमझेड या मोटरसायकल कारखान्याच्या रेसिंग विभागात वाल्टर काडेन काम करत होते. एक्झॉस्टच्या दाराला व्हॉल्व्ह नसेल तर ध्वनीलाच व्हॉल्व्ह करायचं, ही ती कल्पना.

जत्रेतली गर्दी डोळ्यांसमोर आणा. अरुंद बोळातून माणसं दाटीने चालली आहेत आणि बोळ एकदम मैदानात उघडतो. पुढचे पांगतात, त्यांच्या मागच्यांना जागा मिळते, मग त्यांच्या मागच्यांना. माणसं पुढे जातात, पण 'मोकळं झालं' ही लहर मागे सरकते. आता मैदान संपून पुन्हा चिंचोळी वाट आली की पुढचे अडतात आणि 'तुंबलं' ही लहर मागे येते.

सायलेन्सरच्या नळीतही असंच होतं. एक्झॉस्ट पोर्ट उघडताच दाबाची, म्हणजेच ध्वनीची, लाट नळीत शिरते. नळी जिथे रुंद होत जाते तिथून ओढीची लाट सिलिंडरकडे परतते. ती उरलासुरला धूर खेचून काढते, क्रँककेसमधलं ताजं मिश्रणही वर ओढते, आणि त्यातलं थोडं नळीतसुद्धा येतं. तोवर मूळ लाट पुढच्या निमुळत्या भागावर आपटलेली असते. तिथून परतते ती ढकलणारी लाट. एक्झॉस्ट पोर्ट बंद होण्याच्या जरा आधी ती पोचते आणि बाहेर निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते.

जरा आकडेमोड करू. इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल, तर एक फेरा साडेसात मिलिसेकंदांचा. रेसिंगच्या इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट ३६० पैकी सुमारे १९० अंश उघडा असतो, म्हणजे जवळपास ४ मिलिसेकंद. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ५०० मीटर धरला, तर तेवढ्या वेळात लाट २ मीटर धावते. जायला १ मीटर, यायला १ मीटर. म्हणून मोटोक्रॉसच्या, म्हणजे कच्च्या वाटेवरच्या शर्यतींच्या, टू-स्ट्रोकचा तो मध्ये फुगीर पाइप पोर्टपासून मागच्या निमुळत्या भागापर्यंत साधारण मीटरभर भरतो.

१९६१ मध्ये एमझेडचं १२५ सीसीचं इंजिन २५ अश्वशक्ती देत होतं, म्हणजे लिटरला २००. त्याच सप्टेंबरात त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीवेळी पळून पश्चिमेकडे गेला आणि हे ज्ञान सुझुकीकडे पोचलं. १९६२ ची ५० सीसीची जागतिक स्पर्धा सुझुकीवर बसून त्यानेच जिंकली.

पण हेच गणित ४,००० फेऱ्यांवर करून पाहा. पोर्ट आता ८ मिलिसेकंद उघडा, आणि लाट मात्र चौथ्यालाच परत. ती ताज्या मिश्रणाच्या तोंडावर आपटते. म्हणून असं इंजिन खालच्या फेऱ्यांना मलूल असतं आणि पाइपचा ताल जुळला की एकदम उसळतं. डांबरी रस्त्यावर हे चालून जातं. चिखलात, वाळूत, दगडांत मागचं चाक नुसतं फिरत राहतं. ऑफ-रोड टू-स्ट्रोकची पुढची सगळी वाटचाल ही उसळी माणसाळवण्याची आहे.

आधी रीड व्हॉल्व्ह आला. कार्ब्युरेटरच्या वाटेवर पेटीतल्या सुरांसारख्या पातळ पट्ट्या; मिश्रण आत येऊ देतात, उलटं फिरू देत नाहीत. १९७० च्या दशकात तो यामाहाच्या गाड्यांत रुळला. आपल्या आरएक्स १०० मध्येही तोच आहे. मग पॉवर व्हॉल्व्ह. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड खाली सरकवणारा हा भाग कमी फेऱ्यांना पोर्ट उशिरा उघडतो आणि लवकर मिटतो. यामाहाने तो १९७७ मध्ये शर्यतीच्या गाडीत वापरला. १९८० च्या दशकात मोटोक्रॉसच्या गाड्यांत ही युक्ती पसरली.

एटीव्हीत, म्हणजे वाळू-चिखलात चालवायच्या हँडलवाल्या चारचाकीत, मात्र यामाहाने १९८७ साली आणलेल्या बॅन्शीला पॉवर व्हॉल्व्ह दिलाच नाही. तिचं दोन सिलिंडरचं, पाण्याने गार होणारं इंजिन रस्त्यावरच्या आरडी ३५० एलसीच्या घराण्यातलं: बोअर (सिलिंडरचा व्यास) ६४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५४. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून आपल्याकडे विकलेल्या, हवेने गार होणाऱ्या राजदूत ३५० चीही मापं नेमकी हीच. कॅलिफोर्नियात ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर गर्जणारी बॅन्शी ही राजदूतची चुलत बहीण आहे, हे मला कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि अमेरिकेत तिचं शेवटचं मॉडेल २००६ चं ठरलं.

आता पुंगळी. पाइपच्या शेपटीकडची अरुंद नळी आतला दाब राखते, आणि लाटांचा खेळ त्या दाबावर बेतलेला असतो. ती वाट मोकळी केली की आवाज नक्की वाढतो, पण कारखान्याने जुळवलेला ताल बिघडतो. वर कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तोच ठेवला तर मिश्रण पातळ पडून, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडून, इंजिन जादा तापू शकतं. पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या गाडीत पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. मग पिस्टन जाम होतो आणि घरचे म्हणतात, दृष्ट लागली. हँडलला लिंबू-मिरची बांधून पिस्टनला तेल मिळत नाही. प्लग काढून त्याचा रंग बघा. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ पडलंय का, तिथूनच शोध सुरू करा.

२०१७ मध्ये केटीएमने कार्ब्युरेटर काढून ट्रान्सफर पोर्टमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या २५० आणि ३०० सीसीच्या एंड्युरो (लांब पल्ल्याच्या ऑफ-रोड शर्यतींच्या) गाड्या जाहीर केल्या. चाकणच्या ड्यूकमुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी आहे, पण या टू-स्ट्रोक ऑस्ट्रियातल्या माटिगहोफेनच्या. किती पेट्रोल, केव्हा, हे त्यांत संगणक ठरवतो. फुगीर पाइप मात्र तसाच आहे आणि दगडावर आपटून चेपतोही तसाच. तेव्हा तिथले मिस्त्री त्याची दोन्ही तोंडं बुचाने बंद करतात, आत हवेचा दाब भरतात आणि पोचा आलेली जागा गॅसच्या ज्योतीने लाल करतात. पत्रा हळूहळू फुगून पुन्हा आपल्या जागी येतो.