रूपबदलाचे नियम (सामायिक कथाविश्वातील)

अनेक लेखक मिळून एकाच कल्पित जगात कथा लिहितात, तेव्हा त्या जगात माणसाचा पशू, पशूचा माणूस किंवा एका देहाचा दुसरा देह होण्याची जी रीत ठरलेली असते, ती प्रत्येक कथेत तशीच राहावी म्हणून केलेली व्यवस्था. रूप कधी पालटते आणि कशाने, हे लेखक हौसेने ठरवतात. किती वेळ टिकते, उलटते कसे, उलटल्यावर देहात आणि मनात काय शिल्लक राहते, याकडे दुर्लक्ष होते आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी नाही. शाप आणि उःशाप ही जोडी म्हणजे रूपबदलाचा करारनामाच: आत जायची अट आणि बाहेर यायची वाट एकाच वेळी सांगितलेली. अगस्त्यांच्या शापाने नहुष अजगर होतो; त्याची स्मृती शाबूत राहते आणि युधिष्ठिराने त्याच्या प्रश्नांची उत्तरे दिल्यावर तो सुटतो. रामायणाच्या उत्तरकांडातला इल महिनाभर पुरुष, महिनाभर स्त्री असतो, पण एका महिन्यातले दुसऱ्या महिन्यात त्याला आठवत नाही. एकीकडे आठवण राहते, दुसरीकडे पुसली जाते. दोन्ही नियम चालतात, कारण जिथल्या तिथे ते स्वच्छ सांगितलेले आहेत. नळाला कर्कोटक नाग डसतो आणि त्याचे रूप विद्रूप होते, तेव्हाच कर्कोटक त्याला वस्त्रांची जोडी देतो: ही पांघरलीस की मूळ रूप परत. रूप बदलताना अंगावरच्या कपड्यांचे काय होते, हा प्रश्न आजचे निम्मे लेखक विसरतात. महाभारतात कपडेच किल्ली आहेत.

नियम मागाहून जोडला गेल्याचे उदाहरणही याच ग्रंथात सापडते. विराटाच्या दरबारात अर्जुन बृहन्नडा कसा झाला, याचे लोकांना पाठ असलेले उत्तर म्हणजे उर्वशीचा शाप. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये हाती घेतलेल्या आणि 1966 मध्ये पूर्ण झालेल्या, अनेक हस्तलिखिते ताडून केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र उर्वशीचा हा प्रसंग मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. म्हणजे आधी रूप आले आणि कारण पुढच्या हातांनी भरले. कथाविश्व वापरात राहिले की असे होतेच. भरलेले कारण आधीच्या कथेशी भांडत नसले म्हणजे झाले.

लिहिलेली वही नसतानाही नियम टिकतो, याचा पुरावा हडळ. तिने कोणतेही सुंदर रूप घ्यावे, पण पावले उलटी ती उलटीच. सांगणारे बदलतात, गाव बदलते, ही खूण बदलत नाही. ऐकणारी पोरेसुद्धा आधी पायांकडे बघतात. नियम लेखकाच्या डोक्यात नसून त्या जगात राहणाऱ्या साध्या माणसाच्या तोंडी असला की तो मोडणे अवघड जाते.

पाश्चात्त्य लांडगामाणूस आज पौर्णिमेला बदलतो असे सगळे धरून चालतात. 1941 च्या ज्या हॉलिवूडपटाने ही प्रतिमा रूढ केली, त्यातल्या कवनात शरद ऋतूतला तेजस्वी चंद्र होता. चंद्र ‘पूर्ण’ झाला तो 1943 च्या पुढच्या भागात, त्याच कवनातले शब्द बदलून. दुसरे ठळक उदाहरण अमेरिकी चित्रकथांतल्या हल्कचे, म्हणजे माणसाच्या राक्षसी रूपाचे. मे 1962 च्या पहिल्या अंकात तो राखाडी होता आणि रात्र पडली की बदलत असे. राखाडी रंग छपाईत एकसारखा उतरेना म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला आणि काही काळाने रात्रीची जागा रागाने घेतली. ही निव्वळ छापखान्याची अडचण होती. तरी 1980 च्या दशकात लेखकांनी राखाडी हल्क ही त्याच माणसाची वेगळी अवस्था ठरवून परत आणली आणि चूक भांडवलात जमा केली. असे दर वेळी जमत नाही.

वजनाचा प्रश्न स्वतंत्र आहे. उंची दहापट झाली की हाडाचा छेद शंभरपट होतो आणि वजन हजारपट. म्हणून तीच ठेवण ठेवून माणूस नुसता मोठा केला तर मांडीचे हाड त्याला पेलत नाही. गॅलिलिओने 1638 मध्ये हे मांडले होते, जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1926 च्या एका निबंधात ते सर्वसामान्य वाचकासाठी सोपे करून सांगितले. कथेने भौतिकशास्त्र पाळलेच पाहिजे असे नाही. पण एका लेखकाच्या कथेत उंदीर झालेला माणूस खिशात मावत असेल आणि दुसऱ्याच्या कथेत त्याच उंदराच्या वजनाने फळी मोडत असेल, तर वाचक दोघांवरचाही विश्वास काढून घेतो.

हे सगळे प्रत्यक्षात कसे अडते, ते ठाणे खाडीवर बेतलेल्या एका काल्पनिक उदाहरणाने दाखवता येईल. समजा, चार जण मिळून विटावा, ऐरोली, वाशीगाव आणि बेलापूर इथल्या कथा लिहितात आणि चौघांनी मिळून एकच नियम केला: ओहोटी लागली की खाडीकाठचा शापित माणूस फ्लेमिंगो होतो, पाणी परत फिरले की माणूस. नियम दिसायला सुटसुटीत आहे. पहिल्याने अष्टमीच्या सकाळी सहाला विटाव्यात रूप पालटवले. ते बरोबर, कारण तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ येते, हा कोळ्यांचा हिशेब; अष्टमीला भरती सहाच्या सुमारास आणि तिथून ओहोटी. दुसऱ्याने चार दिवसांनी, द्वादशीला, बेलापुरात पुन्हा सकाळी सहालाच पिसे फोडली. द्वादशीला भरती नऊच्या आसपास. सहाला पाणी अजून चढत असते. भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, आणि खाडीच्या मुखाशी व टोकाशी ती एकाच मिनिटाला येत नाही. अशा जगाची राखण करणाऱ्याच्या टेबलावर शब्दकोशाआधी पंचांग लागते.

मग वजन. माणूस साठ किलोचा, खाडीतला लहान फ्लेमिंगो दोन किलोच्या आसपास. उरलेले अठ्ठावन्न किलो कुठे गेले? एकाने उत्तर दिले, जादू. दुसऱ्याने भागाकार केला: एक माणूस म्हणजे तीस पक्षी. हे उत्तर घेताच नियमाला दात फुटतात. थव्यातला एक पक्षी जाळ्यात अडकून मेला, तर परतणाऱ्या माणसाचे काय कमी होते? बोट, की बायकोचे नाव? तीस पक्ष्यांत आठवण वाटली जाते की प्रत्येकात पूर्ण असते? दोन पक्षी पाणी फिरल्यावरही पलीकडच्या काठावर राहिले, तर अठ्ठावीस जण त्यांची वाट पाहतात का? हे एकदा ठरले की चारही लेखकांना कथा आपोआप सुचू लागतात. जादू म्हणणाऱ्याकडे लिहायला फारसे काही उरत नाही.

रंग आणि हंगाम या दोन गोष्टी तर स्थानिक वाचकच पकडतो. फ्लेमिंगोचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो. पिल्लू राखाडी असते. म्हणून नव्याने शाप लागलेला माणूस पहिल्याच दिवशी गुलाबी होऊन उडाला, तर तो खाडीचे शेवाळ कधी जेवला हा प्रश्न उभा राहतो. शिवाय हे पक्षी इथले बारमाही नाहीत. हिवाळ्यात येतात आणि पावसाच्या तोंडावर बहुतेक निघून जातात. ऐरोली आणि वाशी पुलांमधला खाडीचा भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. तेव्हापासून पुलावरून लोकलने जाणारा माणूससुद्धा थव्याचे दिवस ओळखतो. जुलैच्या मुसळधार पावसात तीस गुलाबी पक्षी उडवणाऱ्या लेखकाला शापाच्या आधी पावसाळ्याचा खुलासा द्यावा लागेल.

अशा तपशिलांसाठी जी वही ठेवतात, तिला मालिकांच्या धंद्यात ‘बायबल’ म्हणतात आणि ती सांभाळण्याच्या कामाला कंटिन्युइटी. घोडबंदर रस्त्यालगतच्या सेटवर हे काम रोज चालते: काल डाव्या हाताला पट्टी होती, आज उजव्या हाताला कशी? रूपबदलाच्या कथेत हीच पट्टी दोन देहांत बघावी लागते. पंखाला झालेली जखम हाताला उमटते की मिटते, हे वहीत नसेल तर तिसऱ्या कथेपर्यंत दोन उत्तरे छापून झालेली असतात. अनुभव असा की लेखक एकमेकांच्या विरोधात क्वचितच लिहितात. वही जिथे गप्प असते तिथे प्रत्येक जण आपापले भरतो. म्हणून काय होते याइतकेच काय होत नाही हेही नोंदवावे: शापित माणूस दुसऱ्याला शाप देऊ शकत नाही, पक्षीरूपात बोलत नाही, पूल ओलांडला म्हणून सुटत नाही. यंत्रणा कशी चालते ते मात्र अंधारात ठेवलेले बरे. शाप का लागतो याची दहा पाने लिहिणारी वही पहिल्याच वर्षी कोणी उघडेनासे होते.

पात्रांच्या मालकीचा नियमही याच वहीत जातो. रॉबर्ट अ‍ॅस्प्रिन यांनी 1979 मध्ये सुरू केलेल्या ‘थीव्हज वर्ल्ड’ या संयुक्त कथामालेत लेखकांना एकमेकांची पात्रे वापरायची मुभा होती, पण दुसऱ्याचे पात्र मारायची किंवा सुधारायची नव्हती. रूपबदलाच्या जगात याला एक पुरवणी लागते: दुसऱ्याच्या पात्राला शाप लावायचा तर उःशाप त्याच्या मालकालाच ठरवू द्यावा.

छापून गेलेली चूक दुरुस्त करायच्या वाटा थोड्या आहेत. नवा अपवाद जोडणे ही सर्वांत वाईट, कारण अपवादाला अपवाद लागतो. कथाच विश्वाबाहेर काढणे ही सरळ वाट, पण ज्याची कथा गेली तो रुसतो. तिसरी लोककथेकडून घेतलेली: घडले ते खोटे नाही, सांगणारा चुकला. खाडीच्या उदाहरणात जुलैच्या थव्याला हीच लागू पडते. चौथ्या लेखकाने आपल्या कथेत वाशीगावच्या एका म्हाताऱ्याला एवढेच बोलायला लावले की त्या रात्री पाऊस फार होता, पाण्यावर बगळे होते, आणि सांगणाऱ्याने संध्याकाळपासून ताडी घेतली होती.