जवारी ऐकू येईपर्यंत : ध्वनिमुद्रित ख्यालाची पार्श्वभूमी

उत्तम प्रतीचा आवाज कशाला म्हणावे, हे ऐकणाऱ्याच्या संगीतावर अवलंबून असते. ख्याल, म्हणजे हिंदुस्थानी रागगायनाचा एक प्रमुख प्रकार, ऐकणाऱ्या रसिकाला सर्वप्रथम दोन गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे राग उलगडण्याइतका वेळ आणि दुसरी म्हणजे गळ्याच्या मागे अखंड भरून राहिलेला, जवारीसकट, म्हणजे तारेतून उमटणाऱ्या झंकारासकट, ऐकू येणारा तंबोरा. ध्वनिमुद्रणाच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीत या दोन्ही गोष्टी फार उशिरा एकत्र आल्या. आजचा श्रोता महागडी यंत्रे जमवताना नेमके काय शोधत असतो, हे समजण्यासाठी ही वाटचाल पाहायला हवी.

ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी नोव्हेंबर 1902 मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या तयार होत त्या मात्र जर्मनीतील हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून गौहरजान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारत, असे सांगितले जाते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. विजेचा वापर नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या आवाजाच्या दाबाने हलणाऱ्या सुईने मेणावर रेघ ओढायची. या पद्धतीत साधारण दोनशे ते दोन हजार हर्ट्झपर्यंतचाच पट्टा नीट उमटत असे. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज (सर्वांत खालचा सूर) सत्तर हर्ट्झच्या आसपास असतो, आणि जवारीचे तेज ज्या वरच्या स्वरांशांत (मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या सूक्ष्म सुरांत) असते ते कित्येक हजार हर्ट्झपर्यंत जातात. म्हणजे तंबोऱ्याचा तळ आणि माथा दोन्ही गळून पडले. कुरुंदवाडला राहिलेल्या रहिमत खाँ यांचे गाणे 1920 मध्ये मुद्रित झाले तेही याच कर्ण्याने. त्या तबकड्यांतून जे पोहोचते ते गळ्याच्या लवचिकतेमुळे; यंत्राने त्यात फारशी साथ दिलेली नाही.

1925 मध्ये मायक्रोफोनवर आधारलेले विद्युत मुद्रण आले आणि हा पट्टा दोन्ही बाजूंनी रुंदावला. तंबोरे घडवणाऱ्यांच्या मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या 1930च्या दशकातील तबकड्या याची साक्ष देतात. त्यांत तंबोरा सुरात विरघळलेला ऐकू येतो, आणि किराणा घराण्याचा स्वरलगाव (सूर लावण्याची पद्धत) म्हणजे काय, हे त्याच्या आधाराने कळते. वेळ मात्र अजूनही तीन-साडेतीन मिनिटांचाच होता. केसरबाई केरकर यांची 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेली भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे.

या काळाविषयी एक गोष्ट श्रोत्याने आवर्जून लक्षात ठेवावी. '78'च्या म्हणवल्या जाणाऱ्या सर्वच तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झालेल्या नव्हत्या. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की काळी एकचा सूर पांढरी दोनवर जातो, लय चढते आणि गळ्याचा पोतही बदलतो. जुन्या गायकांच्या पट्टीविषयीचे आपले काही समज केवळ चुकीच्या वेगातून निर्माण झालेले असू शकतात. त्यामुळे योग्य वेग शोधून केलेले रूपांतर मला कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा मोलाचे वाटते.

वेळेचा प्रश्न 1948 मध्ये अमेरिकेत आलेल्या एलपीने (लाँग प्ले तबकडीने) सोडवला. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक मुद्रण मावू लागले. सरोदवादक अली अकबर खाँ यांची एलपी 1955 मध्ये अमेरिकेत निघाली. 1960 मध्ये निघालेल्या अमीर खाँ यांच्या एलपीत एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी होता. झुमरा तालाच्या अतिसंथ लयीतली ती बढत (रागाचा क्रमाने होणारा विस्तार) तीन मिनिटांत मावणे अशक्यच होते. तरीही एलपीची एक अडचण ख्यालाच्या नेमकी मुळावर येते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या टोकाला जेमतेम एकवीस. म्हणून बाजू संपत येते तसा आवाज फाटू लागतो. आणि ख्यालात द्रुत, दाट ताना आणि तबल्याची जोरकस थाप याच शेवटच्या भागात येतात. सुई, तिचा कोन आणि तिच्यावरचा भार यांविषयी एलपीचे शौकीन इतके काटेकोर असतात, त्याचे एक कारण हे आहे.

फिलिप्सची कॅसेट 1963 मध्ये आली आणि पुढे मैफली घरोघरी पोहोचल्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटे चाले. पण फीत किंचितही अडखळली तरी तंबोऱ्याचा स्थिर नाद थरथरतो, आणि ही थरथर इतर कोणत्याही संगीतापेक्षा इथे लवकर कानाला खटकते.

1982 मध्ये सीडी आली. पहिल्या सीडी हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागेन येथील कारखान्यात तयार झाल्या, म्हणजे जिथे गौहरजानच्या तबकड्या तयार झाल्या होत्या त्याच परिसरात. सोळा बिट, 44.1 किलोहर्ट्झ आणि सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटे यांमुळे वेळ, स्थिर वेग आणि शांत पार्श्वभूमी प्रथमच एकत्र मिळाली. त्यानंतर आलेल्या अधिक बिटांच्या आणि अधिक किलोहर्ट्झच्या फाइलींविषयी मोठे दावे केले जातात. मात्र 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंध चाचण्यांत, म्हणजे काय वाजते आहे हे श्रोत्याला न सांगता घेतलेल्या चाचण्यांत, साडेपाचशेहून अधिक प्रयत्नांमध्ये, श्रोत्यांना असा उच्च दर्जाचा आवाज आणि सीडीच्या दर्जाचा आवाज यांतला फरक नाणेफेकीपेक्षा अधिक अचूकपणे ओळखता आला नाही.

माझ्या दृष्टीने खरा घात दुसरीकडे होतो. जुन्या तबकडीची खरखर काढण्यासाठी संगणकावर अतिरेकी गाळणी लावली, की खरखरीबरोबर वरचे स्वरांशही जातात, आणि जवारी नेमकी तिथेच असते. कर्ण्याच्या काळात ती उमटलीच नव्हती. विद्युत मुद्रणाने मिळवलेली जवारी मात्र अशा 'स्वच्छ' आवृत्तीत पुन्हा हरवते. अब्दुल करीम खाँ यांची एकच ठुमरी दोन वेगळ्या रूपांतरांत लागोपाठ ऐकावी आणि गायकाकडे लक्ष न देता फक्त तंबोऱ्याकडे कान द्यावा. थोडी खरखर ठेवलेल्या प्रतीत तंबोऱ्याच्या चारही तारा आपापल्या जागी वाजत असतात.