समांतर मतमोजणी

निवडणूक आयोगाने जाहीर केलेला निकाल मतदान केंद्रांवर प्रत्यक्ष मोजलेल्या मतांशी जुळतो का, हे स्थानिक नागरी संघटनांनी स्वतंत्रपणे ताडून पाहण्याची पद्धत. लोकशाहीच्या बळकटीसाठी मिळणाऱ्या विदेशी मदतीतून, विशेषतः अमेरिकेच्या नॅशनल डेमोक्रॅटिक इन्स्टिट्यूट (स्थापना 1983) या संस्थेच्या प्रशिक्षणातून, ती लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि पूर्व युरोपात रुजली. एक्झिट पोलशी तिची नेहमी गल्लत होते. इथे मतदाराला काहीच विचारत नाहीत. मोजणीनंतर केंद्रावर भरलेल्या तक्त्यातले आकडे तेवढे घेतात.

फिलिपिन्समध्ये फेब्रुवारी 1986 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या मार्कोस-अ‍ॅक्विनो लढतीत नामफ्रेल या संघटनेने सगळ्याच केंद्रांचे आकडे जमवण्याचा घाट घातला. स्वयंसेवकांची फौज असूनही सुमारे 70 टक्के केंद्रांपर्यंतच मजल गेली. चिलीत लष्करशहा पिनोशे यांनाच सत्तेवर ठेवायचे का, यावरच्या 5 ऑक्टोबर 1988 च्या सार्वमतावेळी सगळी केंद्रे गाठण्याऐवजी नमुना निवडण्यात आला. सरकारी आकडे अडखळत येत असताना स्वतंत्र मोजण्या ‘नाही’चा कौल दाखवत होत्या, आणि त्याच रात्री हवाईदलप्रमुख मातेई यांनी पत्रकारांसमोर पिनोशे हरल्याचे मान्य केले.

नमुना हा या पद्धतीचा कणा. प्रदेशवार विभागणी करून केंद्रे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवडतात. केनियात 2017 मध्ये 40,883 केंद्रांपैकी 1,703 निवडली होती. एका वस्तीतले मतदार बरेचदा एकसारखे मतदान करतात. त्यामुळे हजार केंद्रांत लाखो मते असली तरी हिशेबाच्या दृष्टीने तो नमुना मतांचा नव्हे, केंद्रांचा असतो. मते मोजून त्रुटीची मर्यादा (अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो) काढली तर ती फसवी लहान दिसते. निवडलेली केंद्रे गुप्त ठेवतात, नाहीतर तेवढ्याच ठिकाणी कारभार चोख होतो.

निरीक्षक मतदान सुरू होण्याआधी पोहोचतो आणि मोजणी संपेपर्यंत हलत नाही. सकाळी केंद्र उघडल्याचा आणि रात्री प्रत्येक उमेदवाराच्या मतांचा असे संदेश तो ठरलेल्या सांकेतिक क्रमाने एसएमएसने पाठवतो. उमेदवारांची आणि बाद मते यांची बेरीज एकूण मतांशी जुळली नाही, तर माहिती कक्षातून लगेच फोन येतो. मतदानाआधी याची रंगीत तालीम घेतात. चुकीचे फोन नंबर आणि रेंज नसलेली गावे तेव्हाच उघडी पडतात.

सगळ्यात मोठा घात उशिरा येणाऱ्या केंद्रांनी होतो. दुर्गम भागाचे आकडे मागे राहतात आणि तिथला कौल अनेकदा शहरापेक्षा वेगळा असतो. तरीही जवळचे दुसरे केंद्र ‘बदली’ घ्यायचे नसते. त्याने यादृच्छिकपणाच मोडतो. थोडा वेळ थांबणे परवडते. दुसरी अडचण चुरशीच्या लढतीची. केनियात 2022 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रुटो यांच्या मतांचा समांतर अंदाज 50.7 टक्के, अधिक-उणे 2.1 असा आला. तो अधिकृत 50.49 शी जुळला, पण पहिल्याच फेरीत जिंकण्यासाठी लागणारी 50 टक्क्यांहून जास्त मतांची अट पूर्ण झाली की नाही, हे त्यावरून सांगता येणे शक्यच नव्हते.

केंद्रावरचा तक्ता बाहेर लावण्याचा नियम असेल तर काम सोपे होते. झिंबाब्वेत मार्च 2008 मध्ये तसे झाले: अधिकृत निकालाला महिन्याहून जास्त वेळ लागला, पण विरोधी नेते चँगिराई पुढे असल्याचे समांतर अंदाजातून आधीच बाहेर आले होते. भारतात मतदान यंत्रे मोजणी केंद्रावर नेऊन उघडतात, म्हणून ही पद्धत जशीच्या तशी इथे लागू पडत नाही.

मतपेटीत आधीच कोंबलेली मते किंवा पैसे देऊन मिळवलेली मते ही मोजणी पकडू शकत नाही. केंद्रावरचा आकडा ती खरा धरते. केनियातच 2017 मध्ये समांतर अंदाज (तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केन्याटा 54 टक्के) अधिकृत निकालाशी जुळला, तरी निकाल पाठवण्याच्या प्रक्रियेतील बेकायदेशीरपणावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक 1 सप्टेंबरला रद्द केली.

विदेशी पैसा प्रामुख्याने प्रशिक्षण, फोन, प्रवासभत्ता आणि संख्याशास्त्रज्ञांवर खर्च होतो. नमुना आणि निकालाची घोषणा मात्र स्थानिक संघटनेच्याच हाती असावी लागते, नाहीतर ‘परकीय हात’ हा आरोप आकड्यांआधी पोहोचतो. 20 जानेवारी 2025 च्या आदेशाने अमेरिकेने विदेशी मदत थांबवल्यावर या कामाचा मोठा आधार गेला.