नेपाळची वीज: पाणी भरपूर, पण कुठल्या महिन्यात?

नेपाळच्या विजेचा विषय निघाला की ८३,००० मेगावॅट हा आकडा येतोच. भाषणात येतो, पेपरात येतो, नेपाळमधल्या शाळकरी मुलांना तर तो पाठच असतो. हा आकडा काढला हरिमान श्रेष्ठ नावाच्या इंजिनिअरने, १९६६ च्या सुमारास, मॉस्कोत पीएचडी करताना. नंतर त्यातले साधारण ४२,००० मेगावॅटच परवडण्यासारखे आहेत असं सांगितलं गेलं, पण लोकांच्या डोक्यात मोठा आकडाच बसला. आता गणित म्हणून त्यात चूक काही नाही, फक्त ते वर्षभराच्या सरासरी प्रवाहावर केलेलं आहे, आणि हिमालयातल्या नद्यांची सरासरी काढणं म्हणजे जुलैतला पूर आणि फेब्रुवारीतली ओढ्याएवढी धार यांची बेरीज करून दोनने भागणं. तेवढं पाणी नदीत प्रत्यक्षात क्वचितच असतं. आणि माझ्या मते नेपाळच्या वीज क्षेत्रातलं जवळपास प्रत्येक भांडण, टंचाईचं असो, दराचं असो की भारताला वीज विकण्याचं असो, खणत गेलं की इथेच येऊन पोचतं.

आधी थोडं फिजिक्स, घाबरू नका, एकच गुणाकार आहे. एक घनमीटर पाणी, म्हणजे हजार लिटर, दर सेकंदाला एक मीटर खाली पडत असेल तर त्यातून ९.८१ किलोवॅट शक्ती मिळते. बास. पाणी किती आणि उंची किती, एवढ्यावर सगळा खेळ. दोलखा जिल्ह्यातला अप्पर तामाकोशी प्रकल्प घ्या. तिथे सेकंदाला ६६ घनमीटर पाणी घेतात आणि ते ८२२ मीटर खाली सोडतात. ६६ गुणिले ८२२ गुणिले ९.८१, उत्तर येतं साधारण ५३२ मेगावॅट. बोगद्यातलं घर्षण, टर्बाइन, जनरेटर यात थोडं थोडं जातं आणि हातात राहतात ४५६ मेगावॅट, आणि प्रकल्पाची क्षमताही तेवढीच. म्हणजे ८५-८६ टक्के. कोळशाच्या प्लांटमध्ये उष्णतेची निम्मी वीज होतानाही मारामार, त्यामुळे ही गोष्ट खरंच भारी आहे.

उंची डोंगराने फुकट दिलेली आहे आणि ती बारा महिने तीच राहते. बदलतं ते पाणी. वर्षातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो, मग प्रवाह उतरत उतरत फेब्रुवारी-मार्चला तळाला जातो, आणि पुन्हा बर्फ वितळायला लागलं की वर येतो. नेपाळमधले बहुतेक प्रकल्प आहेत रन-ऑफ-रिव्हर प्रकारचे, म्हणजे नदीवर छोटा बंधारा, बाजूने बोगदा, खाली पॉवरहाऊस, मोठं धरण नाही, साठा नाही. नळाला पाणी आलं तेव्हा वापरायचं, घरात पिंपच नाही अशातली गत. थंडीत त्यांचं उत्पादन क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत उतरतं, आणि विजेची मागणी नेमकी हिवाळ्यातल्या संध्याकाळी चढते. साठा असलेलं खरं नाव कुलेखानी, १९८२ चं, ६० मेगावॅट, काठमांडूच्या दक्षिणेला. त्याचंच पाणी पुढे आणखी दोन पॉवरहाऊसमध्ये वापरतात, पण मूळ साठा तोच. पुढची कित्येक दशकं देशात दुसरं मोठं जलाशय झालंच नाही.

का झालं नाही? कारण कागदावर तसं लिहिलंय म्हणून. आणि हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं.

नेपाळमध्ये जलविद्युत १९११ पासून आहे, फर्पिंगला ५०० किलोवॅटचं पॉवरहाऊस राणांच्या काळातलं. १९८५ मध्ये नेपाळ विद्युत प्राधिकरण स्थापन झालं आणि वीज तयार करणं, वाहून नेणं, वाटणं सगळं त्याच्याकडे गेलं. १९९२ च्या विद्युत कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडलं. पहिल्या फळीतले मोठे खासगी प्रकल्प म्हणजे ६० मेगावॅटचं खिम्ती आणि ३६ मेगावॅटचं भोटेकोशी, दोन्ही २००० च्या आसपास सुरू झाले, परदेशी पैसा आला, पण वीजखरेदीचा करार डॉलरमध्ये. ग्राहक बिल भरणार रुपयात, प्राधिकरण पैसे देणार डॉलरच्या हिशोबाने, रुपया घसरला की भोक प्राधिकरणाच्या खिशाला. त्या अनुभवातून शहाणपण आलं आणि देशी प्रकल्पांसाठी रुपयात ठरलेले दर आले. रन-ऑफ-रिव्हरला पावसाळी हंगामात युनिटला ४.८० रुपये, कोरड्या हंगामात ८.४० (नेपाळी रुपये बरं का), वर काही वर्षं ३ टक्के वाढ.

आता तुम्ही प्रकल्प काढणारे आहात असं समजा. समजा वर्षाच्या १०० युनिटांपैकी ७० पावसाळ्यात झाली आणि ३० कोरड्यात. पावसाळ्याचे आले ३३६ रुपये, कोरड्याचे २५२. म्हणजे थंडीतली वीज पावणेदोनपट दराने विकूनही निम्म्याहून जास्त कमाई पावसाळ्यातूनच. मग साठ्याचं धरण बांधायच्या भानगडीत कोण पडेल? धरण म्हटलं की गावं उठवा, जमिनी घ्या, पुनर्वसन करा, कर्जावरचं व्याज दहा वर्षं वाढत राहू द्या. साठ्याच्या प्रकल्पांना दर जास्त आहेत, ७.१० आणि १२.४०, पण तेवढ्याने छोट्या देशी कंपनीचं मन वळत नाही आणि बँकेचं तर नाहीच नाही.

त्यात मशीन केवढी बसवायची याचाही एक नियम आहे, त्याला म्हणतात क्यू-४०. वर्षातल्या ३६५ दिवसांचा प्रवाह मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडायचा आणि जो प्रवाह ४० टक्के दिवस, म्हणजे १४६ दिवस, मिळतो किंवा त्याहून जास्त असतो, तो धरून डिझाइन करायचं. पूर्ण क्षमता वर्षात पाचेक महिने, बाकी सात महिने कमी कमी. शेकडो कंपन्यांनी एकाच नियमाने, एकाच पावसावर, एकाच दराला प्रकल्प बांधले तर ते सगळे एकाच वेळी भरात येणार आणि एकाच वेळी आटणार, यात आश्चर्य ते काय.

याच्या खाली वीजखरेदीच्या करारात आणखी एक कलम आहे, टेक ऑर पे. वीज घ्या नाहीतर न घेता पैसे द्या. प्राधिकरणाची ट्रान्समिशन लाइन तयार नसली किंवा मागणी नसली तरी कंपनीचे पैसे बुडत नाहीत, आणि या एका वाक्यावर नेपाळी बँका कर्ज देतात, लोक आयपीओला रांगा लावतात. प्रकल्पाच्या भागातल्या स्थानिकांसाठी १० टक्के शेअर राखून ठेवायची पद्धत तिथे आहे, त्यामुळे डोंगरातल्या गावातसुद्धा हायड्रोच्या शेअरची चर्चा चालते. अप्पर तामाकोशी तर अख्खा देशी पैशावर उभा राहिला, प्राधिकरण, नेपाळ टेलिकॉम, कर्मचारी संचय कोष वगैरेंचा पैसा लावून. मध्ये २०१५ चा भूकंप, नंतर सीमेवरची नाकाबंदी, असं करत करत २०२१ ला चालू झाला. २०२५ च्या बजेटमध्ये सरकारने टेक ऑर पे ऐवजी टेक अँड पे, म्हणजे घेतली तेवढ्याचेच पैसे, असं आणायचं ठरवलं तर खासगी उत्पादकांनी आकाशपाताळ एक केलं. त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे, लाइन बांधणं त्यांच्या हातात नाही. पण प्राधिकरणाने तरी पावसाळ्यात न विकल्या जाणाऱ्या विजेचे पैसे किती दिवस मोजायचे?

इथे रेग्युलेटरचा प्रश्न येतो. वीज तयार करणारं प्राधिकरण, खासगी कंपन्यांकडून विकत घेणारं तेच, वाहून नेणारं तेच, घरोघरी देणारं तेच, म्हणजे खेळाडू तेच आणि मैदानही त्यांचंच. अंपायर यायला फार उशीर झाला. आधी एक वीजदर निर्धारण आयोग होता, त्याचं काम नावाप्रमाणे दरापुरतं. विद्युत नियमन आयोगाचा कायदा झाला २०१७ ला आणि आयोग प्रत्यक्ष बसला २०१९ मध्ये. आता ग्राहकाचा दर, वीजखरेदीचे करार, कंपन्यांच्या आयपीओची पूर्वपरवानगी हे त्यांच्याकडून जातं. लायसन्स मात्र अजून दुसऱ्या सरकारी खात्याकडून, सर्वेचं वेगळं, उत्पादनाचं वेगळं. सर्वेचं लायसन्स काढून नदी नुसती अडवून ठेवायची आणि पुढे ते कागद विकायचे हा धंदा तिथे इतका चालला की त्यावर शिव्या घालायलाही आता कोणी थांबत नाही.

लोडशेडिंगची गोष्ट यातच बसते. ऑगस्ट २००८ मध्ये कोशी नदीचा बांध फुटला, भारतातून येणारी लाइन पडली, आणि त्यानंतरचे हिवाळे लोकांनी दिवसाला १६-१८ तास अंधारात काढले. २०१६ मध्ये कुलमान घिसिंग प्राधिकरणाचे प्रमुख झाले आणि त्याच दिवाळीत काठमांडूचं लोडशेडिंग संपलं. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. रातोरात नवीन धरण काही उभं राहिलं नव्हतं, काही उद्योगांना जी अखंड वीज दिली जात होती ती आवरली, मागणी सगळ्यात जास्त असते त्या वेळेचं नियोजन केलं, आणि ढल्केबर–मुझफ्फरपूर लाइनवरून भारताची वीज जास्त घेतली. म्हणजे थंडीतला खड्डा भरला तो बऱ्यापैकी भारतातल्या कोळशाने.

गुंतवणूकदार ज्याला रिस्क म्हणतात ती एक गोष्ट अजून राहिलीच, वाळू. हिमालय अजून वर उचलला जातोय, झिजतोय, आणि पावसाळ्यात नद्या भरून गाळ आणतात, त्यात क्वार्ट्झचे बारीक कण. क्वार्ट्झ टर्बाइनच्या स्टीलपेक्षा कडक. पाण्याबरोबर प्रचंड वेगाने ते पात्यांवर आदळतात तेव्हा सँडपेपर फिरवल्यासारखी पाती झिजतात, कडा आधी दातेरी होतात मग पातळ होतात. म्हणून बोगद्याच्या तोंडाशी लांबलचक टाक्या बांधून पाणी संथ करतात, जाडे कण खाली बसतात, पण बारीक कण तरीही निसटतात. पश्चिम नेपाळचं १२ मेगावॅटचं झिम्रुक या झिजेसाठी इंजिनिअर लोकांत बदनाम आहे. नदीत पाणी सगळ्यात जास्त त्याच महिन्यांत गाळही सगळ्यात जास्त, त्यामुळे कधीकधी पाणी समोरून वाहतंय आणि मशीन वाचवायला बंद ठेवलंय असं होतं.

आणि वरून येणारे पूर. १९८५ मध्ये दिग त्शो नावाचं हिमतळं फुटलं आणि नामचेजवळचा जवळजवळ पूर्ण झालेला छोटा प्रकल्प वाहून गेला. जुलै २०२५ मध्ये रसुवागढीला तिबेटकडून पूर आला, सीमेवरचा मितेरी पूल गेला, १११ मेगावॅटच्या प्रकल्पाचं नुकसान झालं. यातला धोका सीमेपलीकडच्या बर्फात असतो आणि विम्याचा हप्ता अलीकडचा माणूस भरतो.

विकायची बाजू आता थोडी सुधारलीय. नोव्हेंबर २०२१ पासून नेपाळ भारताच्या वीज एक्सचेंजवर, म्हणजे विजेच्या बाजारात, वीज विकतो, सुरुवात अवघ्या ३९ मेगावॅटने झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॅटचा करार झाला. यातही मेख आहे, ज्या प्रकल्पात चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार असेल त्याची वीज भारत घेत नाही, आणि नेपाळमधले कितीतरी प्रकल्प चिनी कंत्राटदारांनीच बांधलेत. म्हणून आता नवीन प्रकल्पवाला टेंडर काढतानाच विचार करतो, स्वस्त कंत्राटदार हवा की मोठं गिऱ्हाईक.

बांगलादेशचा सौदा बघा, ऑक्टोबर २०२४ चा. भारताच्या लाइनवरून ४० मेगावॅट, युनिटला ६.४० अमेरिकन सेंट. वीज द्यायची ती १५ जून ते १५ नोव्हेंबर. उरलेल्या सात महिन्यांत द्यायला वीज नाही, उलट त्यातल्या थंडीच्या महिन्यांत नेपाळ स्वतःच भारताकडून विकत घेतो.