गाडीमागे ओढून नेता येईल अशी शिडाची नाव

मिशिगन, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांना पाण्याची ओढ आहे, त्यांना कधी ना कधी एका प्रश्नाला सामोरे जावे लागते. बंदरातील जागेचे भाडे वर्षभर भरण्यापेक्षा नाव घराच्या अंगणात ठेवावी, सुट्टीच्या दिवशी ट्रेलरवरून तळ्यावर किंवा खाडीवर न्यावी आणि दोन-तीन रात्री तिच्यातच मुक्काम करावा, ही कल्पना फार आकर्षक आहे. मात्र अशा नावेने शिडावर चांगले चालावे, वारा पडला की इंजिनावर वेगाने घरी आणावे आणि आत चार माणसांना ऐसपैस झोपताही यावे, अशा तीनही अपेक्षा आपण एकदम करतो. त्या तीनही पुरेपूर भागवणारी नाव बाजारात नाही आणि त्याचे कारण कारखानदारांची उदासीनता नसून पाण्याचे भौतिकशास्त्र आहे. हे भौतिकशास्त्र थोडे समजून घेतले, तर निवड पुष्कळ सोपी होते.

नाव पाणी बाजूला सारत पुढे जाते तेव्हा तिच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, एक लाट उठते आणि ती लाट नावेच्याच वेगाने तिच्याबरोबर चालते. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. मीटरमधील लांबीच्या वर्गमुळाला २.४३ ने गुणले की वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत मिळतो. नावेचा पाण्याला टेकलेला भाग ७ मीटर लांब असेल, तर तेवढ्याच लांबीच्या लाटेचा वेग साधारण ६.४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटर भरतो. नाव याहून वेगाने जाऊ लागली की लाट तिच्यापेक्षा लांब होते, पिछाडी लाटेच्या खोलगट भागात उतरते, नाळ वर उचलली जाते आणि नावेला स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढत राहावे लागते. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात इंग्लंडमधील टॉर्की येथील हौदात नावांच्या लहान प्रतिकृती ओढून या विरोधाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि वेग आणि लांबी यांचे नाते सांगणारा ‘फ्रूड अंक’ आजही जहाजबांधणीत वापरला जातो. दीड टनाची नाव पाच-साडेपाच नॉट वेगाने नेण्यास ५ ते ८ अश्वशक्तीचे इंजिन पुरेसे होते. पण त्या चढापलीकडे जायचे तर लागणारी शक्ती एकदम कित्येक पटींनी वाढते.

चढापलीकडे जाण्याचा एक मार्ग म्हणजे पाणी सारत जाण्याऐवजी पाण्याच्या पृष्ठभागावर उचलले जाऊन घसरत जाणे. मोटरबोट हेच करते. त्यासाठी तिचा मागचा तळ सपाट व रुंद असावा लागतो आणि पिछाडीची फळी पाण्यात बुडालेली असावी लागते. शिडाच्या नावेला नेमके याच्या उलट हवे असते: तळ मागे हळूहळू वर उचललेला असावा, म्हणजे पाणी पिछाडीपाशी सावकाश मिटते आणि कमी वेगात मागे भोवरे ओढले जात नाहीत. चार नॉटने शिडावर चालताना रुंद, बुडालेली पिछाडी सतत मागे ओढत राहते. एकाच तळाकडून दोन्ही कामे करून घ्यायची म्हणजे दोन्हीकडे काही ना काही सोडावे लागते आणि ही तडजोड किती व कुठे करायची हाच या विषयाचा गाभा आहे.

या तडजोडीचे सर्वांत धाडसी उदाहरण कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे बांधल्या गेलेल्या मॅकग्रेगर नावांचे आहे. रॉजर मॅकग्रेगर यांनी १९६० च्या दशकापासून ट्रेलरवरच्या स्वस्त शिडाच्या नावा बांधल्या आणि १९८६ च्या सुमारास त्यांच्या २६ फुटी नावेत शिसे किंवा लोखंड यांच्याऐवजी पाण्याचे नीरम, म्हणजे नाव उलटू नये म्हणून तळाशी ठेवायचे वजन, वापरले. १९९० च्या दशकाच्या मध्यात आलेल्या २६-एक्स या नमुन्यात त्यांनी त्याच्या पुढे जाऊन पिछाडीला ५० अश्वशक्तीपर्यंतचे आउटबोर्ड, म्हणजे नावेबाहेर टांगायचे इंजिन बसवण्याची सोय केली. पाण्याची टाकी रिकामी केली की ही नाव पृष्ठभागावर उचलली जाऊन १५ नॉट किंवा त्याहून अधिक वेगाने धावते; टाकी भरली आणि शिडे चढवली की ती पाच-सहा नॉटची शिडाची नाव होते. २००३ च्या सुमारास आलेल्या २६-एम मध्ये थोडे कायमचे नीरम घातले गेले. २०१३ मध्ये कारखाना बंद झाला, तरी या नावा जुन्या बाजारात भरपूर मिळतात. शिडाच्या जुन्याजाणत्यांनी त्यांना पुष्कळ नावे ठेवली आहेत. ती टीका मला एकांगी वाटते, कारण मॅकग्रेगर यांनी सोडवलेला प्रश्न खरा होता.

पाण्याच्या नीरमाबद्दल नेहमी शंका घेतली जाते, की पाण्यात बुडालेल्या पाण्याला वजन कुठे असते? शंका रास्त आहे, पण अपुरी आहे. २६-एक्सच्या टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. ते भरल्यावर नावेचे एकूण वजन तितक्या किलोने वाढते, ती खोल बसते आणि तिचा गुरुत्वमध्य खाली येतो. नाव कलली की तिला सरळ करणारा जोर हा एकूण वजन आणि गुरुत्वमध्य व उत्प्लावनाचा मध्य (पाण्याचा वर उचलणारा जोर जिथे एकवटतो तो बिंदू) यांच्यातील आडवे अंतर यांचा गुणाकार असतो, त्यामुळे वाढलेले वजन खरोखरच कामी येते. शिशाशी मात्र त्याची बरोबरी नाही. ६८० किलो शिसे जेमतेम ६० लिटर जागेत मावते आणि एक-दीड मीटर खोल कीलच्या, म्हणजे तळाखाली उतरणाऱ्या पात्याच्या टोकाला बसवता येते, तर पाणी नावेच्या तळाशीच पसरून ठेवावे लागते. म्हणून अशी नाव सुरुवातीला चटकन कलते आणि काही अंश कलल्यावर मग आणखी कलण्याला ताठरपणे विरोध करते. नवख्याला पहिल्या झुळकीत भीती वाटते ती यामुळे.

टाकी भरण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. नाव ट्रेलरवरून पाण्यात उतरल्यावर पिछाडीच्या फळीतील झडप उघडायची, आतली हवा बाहेर जावी म्हणून केबिनमधील बूच काढायचे आणि थांबायचे. पंप लागत नाही, टाकी पाण्याच्या पातळीखाली असल्याने पाणी आपोआप आत येते आणि काही मिनिटांत टाकी भरत येते. शेवटी बुचाच्या छिद्रातून बोट घालून पातळी पाहायची. ती टाकीच्या छतापासून इंचभरापेक्षा खाली असता कामा नये, कारण अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी नाव ज्या बाजूला कलते त्याच बाजूला धावते आणि तिला सावरण्याऐवजी आणखी कलवते. अर्धी टाकी रिकाम्या टाकीपेक्षा बरी असा समज कोणी करून घेऊ नये. टाकी पूर्ण भरल्याशिवाय शीड चढवायचे नाही आणि टाकी रिकामी असताना नावेवर गर्दी करायची नाही, हे दोन नियम या नावेवर जिवाइतके मोलाचे आहेत.

या नीरमाचा खरा फायदा रस्त्यावर दिसतो. २६-एक्सचे रिकामे वजन साधारण १,१०० किलो; त्यात ५० अश्वशक्तीच्या इंजिनाचे शंभर-सव्वाशे, ट्रेलरचे तीनशेच्या आसपास आणि नांगर, इंधन, भांडीकुंडी, अंथरुणे यांचे दीडशे-दोनशे किलो मिळवले की बेरीज १,७०० किलोच्या घरात जाते. अमेरिकेतील अनेक मध्यम आकाराच्या गाड्यांची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड, म्हणजे १,५८८ किलो असते. म्हणजे जाहिरातीतला आकडा पाहून मर्यादेत वाटणारी नाव प्रत्यक्षात मर्यादेबाहेर असते. पुढच्या वर्गातील ५,००० पौंडांच्या, म्हणजे २,२६८ किलोंच्या गाडीला ती सहज झेपते. पण नीरमाचे ६८० किलोही रस्त्यावर ओढायचे असते, तर तीही गाडी अपुरी पडली असती. जे वजन फक्त पाण्यातच हवे आहे ते पाण्यातच सोडून यायचे, ही कल्पना मला फार सुंदर वाटते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या जोडावर पडला पाहिजे, नाहीतर महामार्गावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. मागे टांगलेले जड इंजिन हा समतोल बिघडवते, हेही लक्षात ठेवावे.

सोयीचे मोल वाऱ्याच्या हिशोबाने चुकवावे लागते. रस्त्याच्या नियमांमुळे रुंदी साडेआठ फुटांपलीकडे नेता येत नाही, नाव पाण्यात उतरवायचा उतार म्हणजे रॅम्प उथळ असल्याने पाण्याखालची खोली वाढवता येत नाही, म्हणून केबिनमध्ये सहा फूट उंचीच्या माणसाला ताठ उभे राहता यावे यासाठी नावेच्या भिंतीच वर चढवाव्या लागतात. अशा नावेची पाण्यावरची बाजू सुमारे १० चौरस मीटर धरली, तर २० नॉटचा आडवा वारा तिला साठ-पासष्ट किलो वजनाइतक्या जोराने ढकलतो आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. पाण्याखाली तिला धरून ठेवणारे फारसे काही नसल्याने धक्क्याला लागताना ती पानासारखी वाहवत जाते. अनुभवी लोक म्हणून इंजिनावर धक्क्याकडे येतानाही सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून खाली-वर करता येणारी फळी, थोडा खाली सोडून ठेवतात.

वाऱ्याविरुद्ध जाताना हीच उंची पुन्हा आडवी येते. शिडाची नाव वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही, तिला नागमोडी जावे लागते. एक नाव वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन करून ५ नॉटने चालली, तर वाऱ्याच्या तोंडाकडे तिची प्रगती साडेतीन नॉट होते. दुसरी, उंच भिंतींची नाव त्याच वेगाने पण ५५ अंशांनी चालली, तर प्रगती तीन नॉटही होत नाही. वाऱ्याच्या तोंडाकडे १० सागरी मैल जायला पहिलीला पावणेतीन तास लागतील आणि दुसरीला साडेतीन. दिवसभराच्या सहलीत हा फरक जाणवतो आणि ज्याला शीड हाताळण्यातच आनंद आहे त्याला तो बोचतो.

मग एवढे मोठे इंजिन कोणासाठी? दक्षिण कॅलिफोर्नियातील लाँग बीचपासून कॅटालिना बेटावरील अॅव्हलॉनचे उदाहरण घेऊ. अंतर वीस-बावीस सागरी मैलांचे आहे. सकाळी तिथे बहुधा वारा नसतो, दुपारी पश्चिमेकडून सुटतो. सहा अश्वशक्तीचे इंजिन असलेली नाव सकाळी निघाली तर पोहोचायला चार तास लागतात. टाकी रिकामी ठेवून १५ नॉटने गेलेले कुटुंब दीड तासात पोहोचते, दिवसभर बेटावर काढते, मग टाकी भरून दुपारच्या वाऱ्यावर शिडाने निवांत परतते. ज्यांच्या हाती फक्त शनिवार-रविवार आहे आणि शिडाची जागा दूर आहे, त्यांना हे अडीच तास फार महत्त्वाचे आहेत. मात्र पूर्ण वेगात असे इंजिन ताशी पंधरा लिटरांहून अधिक पेट्रोल पिते, हेही हिशोबात धरावे.

दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडचे इयन फॅरियर यांची एफ-२७ ही तीन अंगांची नाव आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियात बांधली जाऊ लागलेली ही नाव पाण्यावर जवळजवळ १९ फूट रुंद पसरते आणि बाजूची दोन अंगे घडी घालून मिटली की साडेआठ फुटांच्या आत बसते. रुंदीमुळेच स्थैर्य मिळत असल्याने तिला नीरम लागतच नाही आणि तिची अंगे इतकी अरुंद आहेत की लाटेचा तो चढ तिला फारसा अडवत नाही. चांगल्या वाऱ्यात ती निव्वळ शिडावर १५ नॉटच्या पुढे जाते. शिडाच्या नावेचे हे रूप मला सर्वांत देखणे वाटते. पण मधले अंग अरुंद असल्याने आत दोघांचीच खरी सोय होते आणि किंमत सामान्य कुटुंबाला पेलणारी नसते.

या दोन टोकांच्या मध्ये कॅटालिना-२२ सारख्या साध्या नावा आहेत. १९६९ पासून या नावेच्या पंधरा हजारांहून अधिक प्रती बांधल्या गेल्या. तिची सुमारे अडीचशे किलोची लोखंडी कील तारेच्या साहाय्याने वर उचलता येते, इंजिन पाच-सहा अश्वशक्तीचे पुरते. आत उभे राहता येत नाही, पण ती हाताला हलकी आणि शिडावर प्रामाणिक आहे. ज्यांना अजून आपली आवड नेमकी ठाऊक नाही, त्यांनी अशा नावेपासून सुरुवात करावी असे मी सुचवीन. त्यावर दोन उन्हाळे काढल्यावर आपल्याला वेग हवा होता, जागा हवी होती की शीड, हे आपोआप कळते. मुले लहान आहेत, पल्ला लांब आहे आणि पत्नीला किंवा आईवडिलांना शिडात रस नाही, अशा घरी मॅकग्रेगरच योग्य.

इंजिन निवडताना लोक अश्वशक्तीकडे पाहतात आणि पंख्याकडे दुर्लक्ष करतात. जड नाव सावकाश ढकलायची तर मोठ्या व्यासाचा, कमी पीचचा (पीच म्हणजे एका फेरीत पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर), हळू फिरणारा पंखा हवा. हलकी नाव वेगाने पळवायची तर जास्त पीचचा. वेगासाठी बसवलेला पंखा टाकी भरलेल्या नावेला समोरच्या वाऱ्यात नीट ढकलू शकत नाही, कारण इंजिन आपल्या योग्य फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. त्याचप्रमाणे इंजिनाचा दांडा पुरेसा लांब नसेल, तर लाटांमध्ये पिछाडी उचलली गेली की पंखा हवेत फिरतो.

जुनी नाव घेण्यापूर्वी ती भरल्या सामानासह वजनकाट्यावर चढवून पाहावी, टाकी भरून तासभराने पातळी पुन्हा तपासावी, कील किंवा बोर्ड उचलणारी दोरी अथवा तार हाताने चाचपावी आणि डोलकाठी विक्रेत्याकडून आपल्यासमोर उभी करवून घ्यावी. ॲल्युमिनियमची ही काठी आठ-नऊ मीटर उंच असते. ती उभी करण्याआधी रॅम्प आणि त्याच्या वाटेवर विजेच्या तारा कुठून जातात हे मान वर करून पाहावे लागते आणि ही सवय पहिल्याच दिवशी, नाव विकत घेण्याआधीच लावून घ्यावी.