व्हिडिओ गेम उद्योगाविषयीच्या गमतीदार कॉन्स्पिरसी थिअऱ्या

गेम बनवणाऱ्या कंपन्या आपल्यापासून काहीतरी लपवत आहेत, या समजुतीतून खेळाडूंनी रचलेल्या आणि अर्ध्या थट्टेने, अर्ध्या गांभीर्याने पसरवलेल्या कथा. गुप्त पात्र, बंद दारामागची पातळी, सरकारी प्रयोगासाठी बनवलेले यंत्र, मुद्दाम दडपलेला पुढचा भाग हे त्यांचे ठरलेले विषय. इतर क्षेत्रांतल्या षड्यंत्र-सिद्धांतांहून त्या एका बाबतीत वेगळ्या आहेत. इथे संशय घेणारा अगदीच वेडा नसतो. गेममधला प्रत्येक दगड कुणीतरी आणून ठेवलेला असतो, त्यामुळे ‘हा इथे उगाच नाही’ असे म्हणणाऱ्याचे निदान अर्धे म्हणणे तरी बरोबर असते.

या संशयाला पहिले ठोस खतपाणी घातले ते अटारी कंपनीच्याच एका प्रोग्रॅमरने. १९८० मध्ये आलेल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या गेमवर कर्त्याचे नाव नव्हते. गेमवर नावे न देण्याचा कंपनीचा रिवाजच होता. तेव्हा वॉरन रॉबिनेटने पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक ठिपका गेममध्ये ठेवला. तो उचलून ठरावीक ठिकाणी नेला की भिंतीतून वाट मिळे आणि आतल्या खोलीत त्याचे नाव झळकत असे. वरिष्ठांना याचा पत्ताच नव्हता. एका किशोरवयीन खेळाडूने खोली शोधून कंपनीला पत्र लिहिले, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. कंपनीने मग ही खोडी ‘ईस्टर एग’ या नावाने आपलीशी केली. एकदा एक गुप्त खोली खरोखर सापडली म्हटल्यावर पुढच्या प्रत्येक गेममधली भिंत ठोकून पाहणे ओघाने आलेच.

पॉलिबियस

या प्रकारातली ही सर्वांत गाजलेली कथा. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून गेम खेळायच्या दुकानांत, ‘पॉलिबियस’ नावाचे काळ्या रंगाचे एक अनोळखी यंत्र आले म्हणे. ते खेळणाऱ्यांना व्यसन लागे, रात्री भयंकर स्वप्ने पडत, आठवणी पुसल्या जात. काळे सूट घातलेली माणसे अधूनमधून येऊन यंत्रातली माहिती घेऊन जात; गल्ल्यातल्या नाण्यांना ती हात लावत नसत. महिनाभरात सगळी यंत्रे गायब झाली. नाणी तशीच सोडून जाणारी माणसे हा या कथेतला सर्वांत अद्भुत तपशील मानायला हरकत नाही.

असे यंत्र, त्याची चिप किंवा त्या काळच्या छापील मजकुरात त्याचा उल्लेख यांपैकी काहीही मिळालेले नाही. कथा उगवली ती इंटरनेटवरच्या आर्केड यंत्रांच्या एका सूचीत, आणि २००३ मध्ये ‘गेमप्रो’ मासिकात छापून आल्यावर ती सर्वदूर गेली. कथेतला कच्चा माल मात्र अस्सल आहे. १९८१ मध्येच पोर्टलंडच्या एका आर्केडमध्ये एकाच दिवशी दोन खेळाडूंची तब्येत बिघडली होती. एक ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ सलग २८ तास खेळत बसलेला. दुसऱ्याची ‘टेम्पेस्ट’ खेळताना अर्धशिशी उठलेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत जुगाराच्या संशयावरून केंद्रीय अधिकाऱ्यांनी त्या भागातल्या आर्केडवर छापे घातले. आजारी पडलेली मुलेही खरी आणि सरकारी माणसेही खरी. त्यांच्यातला संबंध तेवढा बादरायण. ज्याचे नाव यंत्राला चिकटले तो ग्रीक इतिहासकार पॉलिबियस तर प्रत्यक्षदर्शींकडून खातरजमा केल्याशिवाय इतिहास लिहू नये, असे बजावणारा होता.

अणुबॉम्बवाले गांधी

ही कथा अधिक सुबक आहे, कारण तिच्यात गणित आहे. ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) या राष्ट्रे चालवण्याच्या गेममध्ये भारताचे नेते असलेल्या गांधींची आक्रमकता सर्वांत कमी, म्हणजे १ होती. लोकशाही स्वीकारली की आक्रमकता २ ने घटे. १ मधून २ गेले की उरतात उणे १; पण ० ते २५५ एवढेच आकडे धरणाऱ्या बाइटमध्ये उणे संख्या मावत नाही, म्हणून आकडा उलटा फिरून थेट २५५ वर जातो आणि अहिंसेचा पुजारी शेजाऱ्यांवर अणुबॉम्ब टाकत सुटतो. हिशेब इतका चोख, की प्रोग्रॅमिंगमधल्या ‘ओव्हरफ्लो’ या चुकीचे उदाहरण म्हणून तो आजही बिनदिक्कत सांगितला जातो.

गेमचा कर्ता सिड मायर याने २०२० मधल्या आपल्या आठवणींत हे सगळे मोडीत काढले. त्या प्रोग्रॅममध्ये उणे संख्या चालत होत्या, त्यामुळे आकडा उलटा फिरण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय गेममधल्या जवळपास एकतृतीयांश नेत्यांची आक्रमकता गांधींइतकीच होती. त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. अण्वस्त्रांची धमकी देणारे छापील वाक्यही सगळ्याच नेत्यांच्या तोंडी होते. ते गांधींच्या तोंडून ऐकल्यावर लक्षात राहिले, एवढेच. मुद्दाम केलेला विनोद आला तो २०१० च्या ‘सिव्हिलायझेशन ५’ मध्ये. तिथे अण्वस्त्रांची आवड १० पैकी मोजायची असताना गांधींना १२ गुण देण्यात आले. बाइटची ती चोख कथा इंटरनेटवर दिसू लागली २०१२ च्या सुमारास, म्हणजे आधी कळस आणि मग पाया.

अफवेची दखल

खेळाडूंनी अफवा उठवावी आणि कंपनीने ती पुढच्या गेममध्ये खरी करून दाखवावी, हा या उद्योगाचा खास शिरस्ता. ‘मॉर्टल काँबॅट’ (१९९२) च्या तपासणी-मेनूत ‘अर्मॅक्स’ असा एक शब्द होता. तो तांत्रिक चुकांची मोजदाद दाखवणारा, पण खेळाडूंनी त्यातून लाल कपड्यांतला गुप्त निन्जा काढला; १९९५ मध्ये अर्मॅक नावाचे पात्र खरेच आले. ‘डायब्लो’मध्ये गावातल्या गायीवर पुष्कळदा क्लिक केले की गायींची गुप्त पातळी उघडते, अशी आवई होती. ब्लिझर्ड कंपनीने १९९८ च्या ‘स्टारक्राफ्ट’मध्ये ‘गायींची पातळी अस्तित्वात नाही’ या अर्थाचे वाक्यच चीट कोड, म्हणजे टाइप केले की खेळात सवलत देणारा सांकेतिक शब्द, म्हणून दिले आणि २००० मध्ये ‘डायब्लो २’ मध्ये ती पातळी बांधूनही दिली. ‘माइनक्राफ्ट’मधला पांढऱ्या डोळ्यांचा हेरोब्राइन कधी गेममध्ये नव्हताच, तरी नव्या आवृत्तीच्या बदलांच्या यादीत ‘हेरोब्राइनला काढून टाकले’ ही ओळ वारंवार येत राहिली. नसलेल्याला वारंवार काढल्यावर तो असल्याची खात्री पटणारच.

‘सुपर मारिओ ६४’ (१९९६) मधल्या कारंज्यावरच्या पाटीची गोष्ट याहून निराळी. पाटीवरचा मजकूर इतका धूसर, की त्यात ‘एल इज रिअल २४०१’ असे वाचून खेळाडूंनी मारिओचा भाऊ लुइजी गेममध्ये लपल्याचे जाहीर केले. वर्षानुवर्षे शोध चालला. हाती काही लागले नाही. मग जुलै २०२० मध्ये निन्टेंडोच्या जुन्या फायली फुटल्या आणि त्यांत लुइजीची अर्धवट मॉडेल्स निघाली. जपानमध्ये गेम आल्याला तेव्हा २४ वर्षे १ महिना होत होता. हा योगायोगच आहे; पण त्या दिवशी तसे सांगायला जाणाऱ्याचे कोण ऐकणार?

हिदेओ कोजिमा या नामांकित जपानी गेमकर्त्याने तर लबाडी हाच प्रसिद्धीचा मार्ग केला. २०१२ मध्ये ‘मोबी डिक स्टुडिओ’ या कधी न ऐकलेल्या कंपनीचा ट्रेलर आला आणि पुढे तिचा प्रमुख योआकिम मोग्रेन चेहऱ्याला पट्ट्या गुंडाळून मुलाखतीला बसला. त्याच्या पहिल्या नावाची इंग्रजी अक्षरे फिरवली की कोजिमा होते, हे खेळाडूंनी तत्काळ ओळखले, आणि ते बरोबर होते. २०२१ मध्ये एका छोट्या स्टुडिओने ‘अबँडन्ड’ हा गेम जाहीर केला. प्रमुखाच्या नावाची आद्याक्षरे एच. के. निघाली आणि हाही कोजिमाच, असे ठरून गेले. त्या गृहस्थाने व्हिडिओत येऊन आपण खरे असल्याचे सांगितले, तर नट बरा निवडलाय, असा शेरा मिळाला.

खऱ्या निघालेल्या

अटारीने न खपलेली गेमची काडतुसे (यंत्रात घालायच्या कॅसेटी) वाळवंटात पुरली, ही गोष्ट अनेकांना थाप वाटत असे. एप्रिल २०१४ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगॉर्डोचा कचरा डेपो खणला गेला आणि १९८३ मध्ये पुरलेली काडतुसे वर आली. त्यांत पाच आठवड्यांत बनवून उरकलेला ‘ई.टी.’ हा गेमही होता. प्लेस्टेशन २ क्षेपणास्त्रासाठी वापरता येईल, ही भीती कुणा रिकामटेकड्याची नसून २००० मध्ये त्या यंत्रावर निर्यातनियंत्रण घालणाऱ्या जपान सरकारची होती. आणि डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकी हेरखात्यासाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या कागदपत्रांतून अमेरिकी व ब्रिटिश हेर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आणि ‘सेकंड लाइफ’ या ऑनलाइन आभासी जगांमध्ये वावरत असल्याचे उघड झाले. ‘सेकंड लाइफ’मध्ये तर निरनिराळ्या खात्यांच्या हेरांची इतकी गर्दी झाली, की ते एकमेकांच्याच पायांत येऊ नयेत म्हणून वेगळा समन्वय गट नेमावा लागला. पॉलिबियस रचणाऱ्यांनाही हे सुचले नसते.

सगळ्याच कथा निरुपद्रवी नाहीत. ‘पोकेमॉन’मधल्या लॅव्हेंडर टाउनच्या संगीताने जपानी मुलांचे जीव घेतले, ही कथा निखालस खोटी आणि तिच्यात हसण्यासारखे काही नाही. तिला आधार मिळाला तो १६ डिसेंबर १९९७ च्या घटनेचा. त्या दिवशी टीव्हीवरच्या पोकेमॉन कार्टून मालिकेच्या एका भागातल्या लाल-निळ्या लुकलुकीने ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

अलीकडे गुप्त पात्रांपेक्षा अल्गोरिदमवर संशय अधिक. २०१७ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनला एक पेटंट मिळाले. खेळाडूला आभासी वस्तू विकत घ्याव्याशा वाटतील अशा प्रतिस्पर्ध्यांशीच त्याची गाठ घालायची, अशी त्यातली युक्ती. ती कुठल्याही गेममध्ये वापरलेली नाही, असे कंपनीने सांगितले. फुटबॉलच्या ‘फिफा’ मालिकेत जिंकत आलेल्याला मुद्दाम हरवले जाते, या तक्रारीवरून ती बनवणाऱ्या ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) कंपनीविरुद्ध २०२० मध्ये कॅलिफोर्नियात दावाही दाखल झाला. कंपनीने तांत्रिक तपशील दिले, इंजिनियरांशी बोलू दिले आणि २०२१ मध्ये फिर्यादींनी दावा मागे घेतला. शेवटच्या मिनिटाला गोल खाल्लेले खेळाडू मात्र ‘स्क्रिप्टिंग’चे, म्हणजे निकाल आधीच ठरवल्याचे, नाव घेत राहिले.