एका डेसिबलची करामत

नाशिकच्या गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या मित्राने दिवाळीत पंधरा हजारांचा ‘डॅक’ घेतला. गाण्याच्या फाइलमध्ये नुसते आकडे असतात; त्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करतो तो डॅक. तसा तो प्रत्येक मोबाइलमध्ये आणि टीव्हीत असतोच, नखाएवढ्या चिपमध्ये. मित्र आधी आठशे रुपयांचा डोंगल, म्हणजे छोटासा डॅकच, लावून त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकायचा. त्याने कानाच्या अंदाजाने आवाज सारखा केला आणि दोन्ही ऐकवले. खोटं कशाला बोलू, मलाही फरक कळला. तानपुरा भरीव वाटला, तबल्याचा ‘ना’ खणखणीत.

मग मी मल्टीमीटर काढला. साधा मीटर वरच्या स्वरांना हमखास चुकतो, म्हणून १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांचा, सलग सूर लावून मोजलं. डोंगल ०.९८ व्होल्ट, डॅक १.१० व्होल्ट. म्हणजे डॅक आवाजात बरोबर एका डेसिबलने वरचढ! एवढी वाढ ‘आवाज मोठा झाला’ म्हणून सहसा लक्षातच येत नाही. ‘स्वच्छ’, ‘मोकळा’, ‘जिवंत’ असं काहीतरी वाटतं. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. आवाज जरा वाढला की खर्ज आपोआप भरतो.

व्होल्टेज दुसऱ्या दशांशापर्यंत जुळवलं. मित्राच्या मुलीने पडद्याआड नाणं उडवायचं, छापा आला तर डॅक, काटा आला तर डोंगल. मी वीस वेळा ओळखलं, अकरा बरोबर आले. पंधरा आले असते तर कानाला श्रेय दिलं असतं. अकरा तर डोळे मिटून ठोकले तरी येतात. मित्राचे नऊ आले, त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

स्वस्त चिपला हे जमतं कसं? सीडीवर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात. बऱ्याच जणांच्या डोक्यात पायऱ्यापायऱ्यांचं चित्र असतं, ते चुकीचं आहे. ठिपक्यांची रांगोळी आठवा. त्याच ठिपक्यांतून कितीतरी रेघा काढता येतात. पण ‘२२,०५० हर्ट्झच्या वरचं काही नको’ अशी अट घातली, की वळणदार रेघ एकच उरते. गणितज्ञ शॅननचं हे गणित १९४९ चं. डॅकमधला फिल्टर तीच रेघ ओढतो. तरुण कानाची धाव २०,००० हर्ट्झपर्यंत. माझी, पन्नाशीत, त्याच्या बरीच अलीकडे संपते. सीडीवरची प्रत्येक नोंद सोळा बिटांची, म्हणजे सोळा शून्य-एकांची. त्यात ६५,५३६ पातळ्या बसतात, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर. शांत खोलीतही ३० डेसिबलची कुजबुज असतेच. त्यावर ९६ चढवले तर समोर नाशिक ढोल वाजल्यासारखं होईल, आणि मित्राच्या घरातल्या काकू स्वयंपाकघरातून ओरडतील ते वेगळंच.

मित्राला खरी हौस जुन्या गाण्यांची. शास्त्रीय गायक द. वि. पलुसकर नाशिकचेच, जन्म १९२१ चा. त्यांच्या जुन्या तबकड्यांत जी खरखर आहे ती ध्वनिमुद्रणातच आहे, आणि वरचे स्वर मायक्रोफोनने पकडलेच नाहीत तर कुठलाही डॅक ते आणणार कुठून?

डॅक बदलून खरंच फरक पडतो तो वेगळ्या कारणांनी. लॅपटॉपचा माउस हलवला की हेडफोनमध्ये बारीक चिरचिर येते, ती आतल्या विजेच्या गोंगाटाची. बाहेरचा डॅक बहुधा ती घालवतो. चालवायला जास्त ताकद लागणाऱ्या हेडफोनला डोंगल पुरत नाही, तिथेही फायदा होतो. पण स्पीकर आणि खोली यांच्यापुढे हे सगळं किरकोळ. मित्राचे स्पीकर कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेले होते, त्यामुळे खर्ज नुसता घुमायचा. आम्ही ते दीड फूट पुढे ओढले.

पाच मिनिटांनी काकू हात पुसत बाहेर आल्या. “काय रे, आज गाण्याचे शब्द कळतायत. नवीन यंत्र लावलंत का?”

यंत्र बंदच होतं, डोंगल चालू होता.